झारनं रशिया परत कसा मिळवला : ऑक्टोबर १९०५ ते जून १९०७

१७ ऑक्टोबर १९०५ रोजी पीटरहॉफच्या राजवाड्यात झार निकोलस दुसरा यानं एका जाहीरनाम्यावर सही केली. भाषण, सभा आणि संघटना यांचं स्वातंत्र्य, मतदानाचा वाढीव हक्क, आणि निवडून आलेल्या ड्यूमाच्या, म्हणजे संसदेच्या, संमतीशिवाय एकही कायदा अमलात येणार नाही अशी हमी त्यात होती. जवळजवळ तीनशे वर्षं रोमानोव्ह घराण्यानं कुणालाही न विचारता राज्य केलं होतं. या सहीनं ते संपलं असं राजधानी सेंट पीटर्सबर्गमध्ये (पुढचं पेत्रोग्राद) अनेकांना वाटलं. रस्त्यावर अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती.

३ जून १९०७ रोजी त्याच झारनं ड्यूमा विसर्जित केली आणि तिला न विचारता निवडणुकीचा कायदा बदलून टाकला. जाहीरनाम्यातल्या हमीचा हा सरळसरळ भंग होता. देशात म्हणण्यासारखी हालचालही झाली नाही.

मधल्या वीस महिन्यांत काय घडलं, हे या प्रकरणात बघायचं आहे. उठाव का होतात यावर आपल्याकडे भरपूर लिहिलं जातं. उठाव झाल्यावर राजा पुन्हा गादीवर घट्ट कसा बसतो, हा प्रश्न मात्र बहुधा 'लष्कर आणलं आणि चिरडलं' एवढ्या उत्तरावर मिटवला जातो. ते उत्तर अर्धंच खरं आहे. झारनं आधी दिलं, दिल्यामुळे विरोधक फुटले, ते फुटल्यावर सैन्य सावरलं, सैन्य सावरल्यावर परदेशातून पैसा मिळाला, आणि पैसा हातात आल्यावर दिलेलं परत काढून घेतलं. बंदूक प्रत्येक टप्प्यावर होतीच. पण ऑक्टोबरमध्ये जी बंदूक चालवायची हिंमत नव्हती ती डिसेंबरमध्ये चालली, आणि या दोन महिन्यांतला फरक बंदुकीत नव्हता.

(रशियातल्या तारखा जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे दिल्या आहेत. आपल्या नेहमीच्या कॅलेंडरपेक्षा ते १३ दिवस मागे चालत असे.)

सूत्रं हातून कशी निसटली

सुरुवात ९ जानेवारी १९०५ च्या रविवारी झाली. पुतिलोव्ह कारखान्यातल्या चार कामगारांना काढल्याच्या वादातून राजधानीत मोठा संप पेटला होता. फादर गापोन हा पाद्री पोलिसांच्या परवानगीनं चाललेल्या कामगार संघटनेचा पुढारी. त्याच्या मागून हजारो माणसं, बायकापोरांसह, हातात देवाच्या तसबिरी आणि झारची चित्रं घेऊन हिवाळी राजवाड्याकडे निघाली. अर्ज झारच्याच नावानं होता. आठ तासांचा दिवस, संविधान सभा, जपानशी चाललेल्या युद्धाचा शेवट अशा मागण्या त्यात होत्या, पण भाषा गाऱ्हाण्याची होती : आम्हाला न्याय आणि आसरा द्या. झार त्या दिवशी राजवाड्यात नव्हताच. नार्व्हा दरवाज्यापाशी आणि शहरात इतर ठिकाणी सैन्यानं गोळ्या झाडल्या. सरकारी आकड्याप्रमाणेच सुमारे १३० माणसं मेली. खरा आकडा याहून मोठा असल्याचं बहुतेक इतिहासकार मानतात.

त्यानंतर दहा दिवसांनी जे झालं ते मला गोळीबाराइतकंच महत्त्वाचं वाटतं. सरकारनं निवडून घेतलेले ३४ कामगार झारपुढे उभे केले गेले आणि झारनं त्यांना सांगितलं, की तुमच्या अपराधाची मी तुम्हाला क्षमा करतो. ज्यांची माणसं मारली गेली त्यांनाच माफी! 'झार चांगला आहे, वाईट आहेत ते अधिकारी' ही समजूत रशियातल्या गरिबांनी शतकानुशतकं जपली होती. राजेशाहीचं खरं बळ तिच्यातच होतं. ते बळ या एका वाक्यानं किती खर्ची पडलं, याचा अंदाज दरबारात कुणालाच आला नाही.

पुढचे नऊ महिने एकामागून एक धक्क्यांचे होते. फेब्रुवारीत झारचा काका ग्रँड ड्यूक सर्गेई मॉस्कोत बॉम्बनं मारला गेला. मे महिन्यात त्सुशिमाच्या समुद्रात जपाननं रशियन आरमार जवळजवळ संपवलं. जूनमध्ये पोतेमकिन युद्धनौकेवरच्या खलाशांनी बंड केलं. खेड्यांत जमीनदारांचे वाडे जळू लागले, आणि १९०५-०६ मिळून असे सुमारे ३,००० वाडे उद्ध्वस्त झाले. ऑगस्टमध्ये सरकारनं केवळ सल्ला देण्यापुरत्या ड्यूमाची घोषणा केली. मार्चमध्ये दिली असती तर कदाचित लोकांनी ती घेतली असती. ऑगस्टपर्यंत तिची किंमत राहिली नव्हती.

मग सप्टेंबरात मॉस्कोतल्या सितीनच्या छापखान्यातल्या खिळे जुळवणाऱ्यांनी संप केला. त्यांना मजुरी हजार अक्षरांमागे मिळे आणि विरामचिन्हं मोजली जात नसत. स्वल्पविराम आणि पूर्णविरामही आम्हीच बसवतो, तेव्हा त्यांचेही पैसे द्या, ही त्यांची एक मागणी होती. तिथून संप इतर छापखान्यांत, मग बेकऱ्यांत आणि कारखान्यांत पसरला, आणि ७-८ ऑक्टोबरला रेल्वेत शिरला. रेल्वे थांबल्यावर साम्राज्यच थांबलं. तारा बंद, दुकानं बंद, विजेचे दिवे बंद. राजधानीत १३ ऑक्टोबरला कामगारांचं सोव्हिएत, म्हणजे त्यांच्या प्रतिनिधींचं मंडळ, उभं राहिलं. पीटरहॉफला झारला भेटायला मंत्र्यांना आगबोटीनं जावं लागत होतं, कारण तिथवर जाणारी आगगाडी चालत नव्हती.

दोनच वाटा

झारच्या हाती तेव्हा काय होतं याची मोजदाद केली, तर त्यानं सही का केली हे समजतं. फौजेचा मोठा भाग जपानशी लढायला गेलेला, तो चीनच्या ईशान्येला मांचुरियात अडकला होता. ऑगस्टअखेर जपानबरोबर पोर्ट्समथचा तह झाला, पण माणसं परत आणायची ती सैबेरियाच्या एकाच रेल्वेमार्गानं, आणि तो मार्ग संपवाल्यांच्या ताब्यात. देशात जे सैन्य होतं ते जानेवारी ते ऑक्टोबर सुमारे २,७०० वेळा शेतकऱ्यांवर चालून गेलं होतं. हे सैनिक स्वतः शेतकऱ्यांचीच पोरं. राजधानीचा बंदोबस्त बघणाऱ्या जनरल त्रेपोव्हनं १४ ऑक्टोबरला काडतुसांची काटकसर करू नका असा हुकूम काढला. पण हुकूम देणं आणि तो पाळला जाईल याची खात्री असणं या दोन गोष्टी वेगळ्या.

सर्गेई विट्टे नुकताच तहाची बोलणी यशस्वी करून परतला होता. त्यानं झारपुढे स्वच्छ मांडणी केली : एक तर कुणातरी कणखर माणसाला हुकूमशहा नेमा आणि बळानं चिरडा, नाही तर नागरी हक्क आणि कायदे करणारी ड्यूमा द्या. झारचा मनापासून कल पहिल्या वाटेकडे होता. हुकूमशहा म्हणून त्याच्या डोळ्यांपुढे त्याचा चुलत काका ग्रँड ड्यूक निकोलाय निकोलायेविच होता. त्या उंचापुऱ्या सेनापतीनं नकार दिला. विट्टेच्या जाहीरनाम्यावर सही झाली नाही तर मी स्वतःवर गोळी झाडून घेईन, असं तो पिस्तूल दाखवून म्हणाला, अशी हकीकत त्या वेळच्या लोकांनी नोंदवून ठेवली आहे. सही झाली. त्यानंतर आईला लिहिलेल्या पत्रात झारनं हाच पेच सांगितला आहे. बळाचा मार्ग घेतला असता तर रक्ताच्या नद्या वाहिल्या असत्या आणि शेवटी परत इथेच यावं लागलं असतं, असा त्याचा सूर आहे. हे संविधानच झालं, हेही त्यानं तिथे कबूल केलं आहे. पुढे मात्र हे कबूल करणं त्याला कधीच जमलं नाही.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. जाहीरनामा म्हणजे थंड डोक्यानं टाकलेला फास होता, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. झारनं ती सही भीतीनं आणि नाइलाजानं केली. विट्टेनं ती राज्य वाचवायला करवून घेतली. तिचा फास पुढे झाला, कारण दिलेला शब्द कुणाकडून पाळून घेता येईल अशी कोणतीही यंत्रणा त्या कागदात नव्हती.

शब्दानं काय साधलं

१७ ऑक्टोबरपर्यंत झारच्या विरोधात सगळे एकत्र होते. गिरणी कामगार, वकील, प्राध्यापक, डॉक्टर, जमीनदारांतले उदारमतवादी आणि काही कारखानदारसुद्धा. ऑक्टोबरच्या संपात अनेक ठिकाणी मालकांनी संपकऱ्यांचा पगारही कापला नाही. जाहीरनामा निघाला आणि ही फळी तीन ठिकाणी तडकली.

गुचकोव्हसारख्या उद्योजक-जमीनदारांनी 'आम्हाला हवं होतं ते मिळालं, आता शांतता हवी' अशी भूमिका घेतली आणि तारखेवरूनच पक्षाचं नाव ऑक्टोब्रिस्ट ठेवलं. मिल्युकोव्हच्या उदारमतवादी काडेट पक्षाला जाहीरनामा अपुरा वाटला, पण रस्त्यावरच्या लढाईपेक्षा निवडणूक बरी असं त्यांनी ठरवलं. कामगारांना आठ तासांचा दिवस हवा होता. त्यांनी नोव्हेंबरात तो स्वतःच लागू करायचा प्रयत्न केला, तेव्हा ज्या मालकांनी महिन्यापूर्वी संपाला पाठिंबा दिला होता त्यांनीच कारखान्यांना टाळी ठोकली. एका महिन्यात मित्र कोण आणि शत्रू कोण हे बदललं. सरकारला यासाठी गोळी झाडावी लागली नाही.

याच दिवसांत दुसरीही एक गोष्ट झाली आणि ती भयंकर होती. जाहीरनाम्याच्या दुसऱ्या दिवसापासून झारच्या तसबिरी घेतलेल्या जमावांनी ज्यू वस्त्यांवर हल्ले सुरू केले. एकट्या ओडेसात चारशेहून अधिक ज्यू मारले गेले. पोलिसांनी अनेक ठिकाणी बघ्याची भूमिका घेतली, काही ठिकाणी हातभार लावला. नोव्हेंबरात रशियन जनतेचा संघ नावाची राजनिष्ठ संघटना उभी राहिली. डिसेंबरात झारनं तिच्या शिष्टमंडळाला भेट दिली आणि तिचा बिल्ला स्वीकारला. सगळी दंगल वरून आखली गेली असा पुरावा नाही. पण राजानं बिल्ला घेतल्यावर खालच्या फौजदाराला वेगळा हुकूम लागत नाही.

शेतकऱ्यांसाठी ३ नोव्हेंबरला वेगळा जाहीरनामा निघाला. १८६१ च्या गुलामीमुक्तीनंतर जमिनीपोटी चालत आलेले हप्ते १९०६ पासून निम्मे आणि १९०७ पासून बंद. मंत्रिमंडळात कुटलर नावाचा मंत्री जमीनदारांच्या जमिनीचा काही भाग मोबदला देऊन सक्तीनं शेतकऱ्यांना देण्याची योजना तयार करत होता. खुद्द त्रेपोव्ह तेव्हा म्हणाला होता, की उरलेली अर्धी राहणार असेल तर माझी अर्धी जमीन मी खुशीनं देईन. विट्टेनं हे आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. फेब्रुवारीपर्यंत खेडी दडपली गेली होती. कुटलरला घरी पाठवलं आणि योजना गुंडाळली. या एका मंत्र्याच्या नशिबावरून दरबारातल्या भीतीचा पारा महिन्यागणिक कसा उतरत गेला ते वाचता येतं.

सैनिकांनी ठरवलं ते

हा भाग मी जरा सविस्तर मांडतो, कारण सगळं प्रकरण इथेच फिरलं.

जाहीरनाम्यानंतर सैन्य शांत व्हायला हवं होतं. झालं उलटंच. ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून वर्षअखेरपर्यंत सैन्यात दोनशेच्या वर बंडं झाली. क्रोनश्टाट, व्लादिवोस्तोक, सेव्हास्तोपोल. सेव्हास्तोपोलला लेफ्टनंट श्मिट 'ओचाकोव्ह' क्रूझरवर चढला आणि स्वतःला ताफ्याचा प्रमुख म्हणवून त्यानं झारला तार केली. या बंडांतल्या मागण्या बघितल्या तर क्रांतीचं तत्त्वज्ञान फारसं दिसत नाही. मांस चांगलं द्या, साबण द्या, पांघरूण द्या, पगार वाढवा, अधिकाऱ्यांनी अरे-तुरे करू नये, मुदत संपलेल्यांना घरी सोडा. जाहीरनाम्याचा अर्थ सैनिकांनी त्यांच्या परीनं लावला होता : जुने नियम आता संपले.

६ डिसेंबरला, झारच्या नावदिनी (त्याच्या नावाच्या संताच्या सणाला), सैनिकांना पगारवाढ, मांस, चहा-साखर, पांघरूण आणि साबण जाहीर झाला. राखीव सैनिकांना घरी सोडायला वेग आला. जे सगळ्यांत बिथरलेले होते ते गावी निघून गेले, उरलेल्यांना हवं त्यातलं बरंच मिळालं. आणि मुख्य म्हणजे, वरच्यांचा आवाज पुन्हा ठाम झाला. २६ नोव्हेंबरला सोव्हिएतचा अध्यक्ष ख्रुस्तालेव्ह-नोसार पकडला गेला होता. २ डिसेंबरला सोव्हिएतनं लोकांना कर भरू नका आणि बँकेतल्या ठेवी सोन्यात काढून घ्या असं आवाहन केलं. दुसऱ्याच दिवशी अख्खं सोव्हिएत, ट्रॉट्स्कीसह, अटकेत गेलं. राजधानीत त्याविरुद्ध ऑक्टोबरसारखा संप उभा राहिला नाही. वर्षभरातला तो कितवा तरी संप होता, आणि कामगारांच्या घरात काही शिल्लक उरलं नव्हतं.

सैनिक कुणाच्या बाजूला जाईल हे त्याच्या मतांवरून कळत नाही. हुकूम देणारा उद्याही तिथेच असेल असं त्याला वाटतं की नाही, यावर ते ठरतं. ऑक्टोबरात त्याला तसं वाटत नव्हतं, डिसेंबरात पुन्हा वाटू लागलं. ज्या रेजिमेंटनं नोव्हेंबरात बंड केलं तिनंच जानेवारीत खेडी झोडपली, अशी उदाहरणं आहेत.

मॉस्कोत हे अगदी दिवसांच्या हिशेबानं दिसतं. २ डिसेंबरला तिथल्या रोस्तोव्ह ग्रेनेडियर रेजिमेंटनं बंड केलं आणि दोन दिवसांत ते विझलं. ७ डिसेंबरला सार्वत्रिक संप सुरू झाला. गव्हर्नर-जनरल दुबासोव्हला आपल्याच सैनिकांचा भरवसा नव्हता. कित्येक पलटणी त्यानं बराकीत कोंडून ठेवल्या. ९ तारखेला फिडलर शाळेत जमलेल्या तरुणांवर तोफा डागल्या गेल्या आणि शहरभर अडथळ्यांच्या भिंती उभ्या राहिल्या. ट्रामचे डबे, तारांचे खांब, घरांची दारं, मिळेल ते रस्त्यात आलं. दुबासोव्हनं राजधानीकडे मदत मागितली.

मदत आली ती आगगाडीनं. देशातले बहुतेक मार्ग संपात होते, पण पीटर्सबर्ग-मॉस्को हा निकोलायेव्ह मार्ग सरकारनं लष्करी पहाऱ्यात चालू ठेवला होता. उठाववाल्यांना तो तोडता आला नाही. १५ डिसेंबरला सेम्योनोव्हस्की गार्ड रेजिमेंट मॉस्कोत उतरली. तिच्या कर्नल मिनचे हुकूम स्पष्ट होते : अटका करू नका, दया दाखवू नका. प्रेस्न्या या गिरणगावावर तोफांचा भडिमार झाला. प्रोखोरोव्ह कापड गिरणी आणि श्मिटचा (हा लेफ्टनंट श्मिट नव्हे) फर्निचरचा कारखाना हे उठावाचे अड्डे होते, त्यातला श्मिटचा कारखाना जळून गेला. १९ डिसेंबरपर्यंत सगळं संपलं. मेलेल्यांचा आकडा हजाराच्या आसपास सांगितला जातो आणि त्यांतले कितीतरी जण लढणारे नव्हतेच. मॉस्कोतले वकील-डॉक्टर, जे ऑक्टोबरात रस्त्यावर होते, ते या वेळी बहुतांशी दारं लावून बसले. दोन महिन्यांपूर्वीच्या कागदाची किंमत इथे वसूल झाली.

त्यानंतर सैबेरियाचा मार्ग. जनरल मेलर-झाकोमेल्स्की मॉस्कोकडून आणि जनरल रेनेनकाम्फ मांचुरियातल्या हार्बिनकडून, दोन लष्करी गाड्या एकमेकींच्या दिशेनं निघाल्या. मेलरजवळ मोजकेच निवडक सैनिक होते. स्थानक आलं की गाडी थांबायची, तारघर ताब्यात घ्यायचं, संपाचे पुढारी फटकावायचे किंवा गोळी घालायची, आणि पुढे निघायचं. मिसोवाया स्थानकाजवळ इव्हान बाबुश्किन हा जुना क्रांतिकारक कामगार आणि तारखात्यातली माणसं चौकशीशिवाय गोळ्यांना बळी पडली. हजारो मैलांचा मार्ग अशा रीतीनं काही आठवड्यांत परत मिळाला. बाल्टिक प्रांतांत जनरल ऑर्लोव्हनं हेच खेडोपाडी केलं.

पॅरिसचा पैसा

तोफा कितीही असोत, तिजोरी रिकामी होती. जपानबरोबरच्या युद्धात प्रचंड खर्च झाला होता, सोनं बाहेर चाललं होतं, रूबल सुवर्णमानकावर (नोटेच्या बदल्यात सोनं देण्याच्या पद्धतीवर) टिकेल की नाही याची धास्ती होती. ड्यूमा एप्रिलच्या अखेरीस भरणार होती. पैसा ड्यूमाकडून घ्यावा लागला असता तर प्रत्येक रूबलमागे एक अट आली असती. जगातल्या अनेक संसदा राजांच्या पैशाच्या गरजेतूनच मोठ्या झाल्या आहेत, हे विट्टेला चांगलं ठाऊक होतं. म्हणून ड्यूमा भरण्याआधी कर्ज उभं करणं ही त्याची धावपळ होती.

फ्रान्सला जर्मनीविरुद्ध रशिया हवा होता. मोरोक्कोवरून त्या हिवाळ्यात स्पेनमध्ये अल्जेसिरासला परिषद चालू होती. रशियानं तिथे फ्रान्सची बाजू उचलली, आणि पॅरिसनं पाकीट उघडलं. रशियातल्या उदारमतवाद्यांपैकी काहींनी पॅरिसला जाऊन सांगून बघितलं, की लोकप्रतिनिधींच्या संमतीशिवाय हे कर्ज देऊ नका. उपयोग झाला नाही. एप्रिल १९०६ मध्ये २२५ कोटी फ्रँकचं कर्ज ठरलं. तोवर कोणत्याही देशानं उभारलेलं ते सर्वांत मोठं परदेशी कर्ज होतं. विट्टेच्या मते यामुळे राज्य वाचलं. झारनं त्याचे आभार मानले आणि त्याच महिन्यात त्याला पंतप्रधानपदावरून दूर केलं. काम झालं होतं.

रशियन जनतेच्या प्रतिनिधींचा गळा आवळण्याचे पैसे एका प्रजासत्ताकातल्या लहान लहान बचतदारांनी दिले, ही गोष्ट या प्रकरणात मला सगळ्यांत जास्त टोचते. १९१७ नंतर सत्तेवर आलेल्या बोल्शेव्हिकांनी ही कर्जं नाकारली, तेव्हा त्याच बचतदारांचे कागद रद्दी झाले.

ड्यूमा : दार उघडलं, दार बंद झालं

कर्ज झालं आणि २३ एप्रिल १९०६ ला मूलभूत कायदे जाहीर झाले. ड्यूमा भरायच्या चार दिवस आधी, म्हणजे तिला त्यावर बोलताच येऊ नये अशा बेतानं. सैन्य, परराष्ट्र धोरण आणि मंत्र्यांची नेमणूक झारकडे राहिली. वरच्या सभागृहातले निम्मे सभासद झारनं नेमायचे ठरले. कलम ८७ असं, की ड्यूमा भरलेली नसताना सरकार वटहुकूम काढू शकेल. हे कलम पुढे कुठे वापरलं गेलं ते येईलच.

२७ एप्रिलला हिवाळी राजवाड्याच्या सिंहासनाच्या दालनात पहिल्या ड्यूमाचं उद्घाटन झालं. एका बाजूला सोन्याच्या कशिद्याचे गणवेश घातलेले दरबारी, मंत्री, सेनापती. समोरच्या बाजूला लोकप्रतिनिधी : काळ्या कोटातले वकील, आणि त्यांच्यामध्ये शेतकऱ्यांचे लांब अंगरखे आणि चामडी बूट. राजमाता मारियाला त्या चेहऱ्यांवर द्वेष दिसला असं तिनं नंतर सांगितलं. निवडणुकीच्या कायद्यात शेतकऱ्यांना भरपूर जागा दिल्या होत्या, कारण शेतकरी झारभक्त आहे अशी दरबाराची समजूत होती. शेतकऱ्यांनी निवडून दिलेल्या माणसांनी पहिली गोष्ट मागितली ती जमीन.

ही ड्यूमा ७२ दिवस चालली. आपण सोमवारी सभागृहात बोलणार असा निरोप गृहमंत्री स्टोलिपिननं अध्यक्षांना धाडला, त्यामुळे शनिवार-रविवारी काही होईल असं कुणाला वाटलं नाही. रविवारी, ९ जुलैला, सभासद ड्यूमा जिथे भरत असे त्या ताव्रिचेस्की राजवाड्यावर आले तर दाराला कुलूप आणि बाहेर सैनिक. सुमारे दोनशे सभासद फिनलंडमध्ये व्हिबोर्गला गेले आणि कर देऊ नका, सैन्यात भरती होऊ नका असं आवाहन त्यांनी केलं. लोक हलले नाहीत. सह्या करणाऱ्यांना तीन महिन्यांची कैद झाली आणि निवडणूक लढवण्याचा हक्क कायमचा गेला. देशातल्या सर्वांत अनुभवी संसदपटूंची एक पिढी एका सहीनं बाहेर पडली.

स्टोलिपिन आता पंतप्रधान होता. १२ ऑगस्टला त्याच्या बंगल्यावर बॉम्ब पडला. पंचवीसहून अधिक माणसं मेली, त्याची मुलं जखमी झाली, तो वाचला. आठवड्यात कलम ८७ खाली लष्करी मैदानी न्यायालयं आली. चोवीस तासांत खटला, वकील नाही, अपील नाही, शिक्षा पुढच्या चोवीस तासांत. आठ महिन्यांत हजाराहून अधिक माणसं फासावर किंवा गोळ्यांपुढे गेली. फाशीच्या दोराला 'स्टोलिपिनचा नेकटाय' हे नाव पुढे ड्यूमातच पडलं. त्याच कलमाखाली ९ नोव्हेंबरला जमिनीचा कायदा आला. शेतकऱ्याला गावाच्या सामायिक जमिनीतून आपला वाटा स्वतःच्या नावावर वेगळा करून घेता येईल, अशी त्यात सोय होती. स्वतःची जमीन असलेला शेतकरी राजाचा माणूस होईल, हा त्यामागचा हिशेब. स्टोलिपिन नुसता जल्लाद नव्हता, त्याला पुढचं दिसत होतं. पण त्यानं स्वतःच वीस वर्षांची शांतता मागितली होती आणि त्याला मिळाली पाच. १९११ मध्ये कीव्हच्या नाट्यगृहात त्याला गोळी लागली.

दुसरी ड्यूमा फेब्रुवारी १९०७ मध्ये भरली आणि पहिलीपेक्षा डावी निघाली. समाजवादी सभासदांवर कटाचा आरोप ठेवून ३ जूनला तीही मोडली आणि नवा निवडणूक कायदा आला. जमीनदाराच्या एका मताला शेतकऱ्यांची सुमारे अडीचशे आणि कामगारांची पाचशेहून अधिक मतं मिळून तोलावीत, अशी ती रचना. पोलंडच्या जागा ३७ वरून १४ वर आल्या, मध्य आशियाच्या जागा गेल्याच. निवडणुका, सभागृह, भाषणं सगळं चालू राहिलं. तिसरी ड्यूमा पूर्ण मुदत चालली, कारण ती आता कुणाला भिववत नव्हती.

पुण्यातून हे कसं दिसत होतं

या घडामोडी आपल्याकडे बारकाईनं वाचल्या जात होत्या. पांडुरंग महादेव बापट, पुढचे सेनापती बापट, यांनी पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्बची माहितीपुस्तिका मिळवली. मे-जून १९०८ च्या केसरीत टिळकांनी बॉम्बच्या प्रश्नावर जे अग्रलेख लिहिले त्यांत रशियाचा आणि ड्यूमाचा दाखला होता. त्याच लेखांवरून २२ जुलैला त्यांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. टिळकांबद्दल पूर्ण आदर ठेवून म्हणावंसं वाटतं, की झारला वाकवलं ते बॉम्बनं नव्हे, रेल्वे बंद पाडणाऱ्या संपानं. दक्षिण आफ्रिकेत गांधींनी नोव्हेंबर १९०५ मध्येच 'इंडियन ओपिनियन'मध्ये या संपावर लिहिलं होतं, आणि त्यांची नजर बरोबर तिथे गेली होती : लोकांनी सहकार्य थांबवलं तर झारचंही चालत नाही.

इंग्रजांनीही पुढच्या वर्षभरात जे केलं त्याची जात ओळखीची आहे. टिळक मंडालेला, वर्तमानपत्रांवर नवा कायदा, आणि १९०९ मध्ये मोर्ले-मिंटो सुधारणा, मवाळांना जवळ करण्यासाठी. त्यांना हे झारकडून शिकायची गरज नव्हती. सूरतला काँग्रेस आधीच फुटली होती.

हेच पुन्हा का जमलं नाही

फेब्रुवारी १९१७ मध्ये पेत्रोग्रादमध्ये पावाच्या रांगांतून उठाव झाला तेव्हा झारनं पुन्हा तेच सगळं करून बघितलं. या वेळी मधे द्यायला काही उरलं नव्हतं, कारण शब्दाची किंमत १९०७ मध्येच संपली होती. जुनी गार्ड रेजिमेंट महायुद्धाच्या पहिल्या दोन वर्षांत कापली गेली होती. शहरात होते ते अर्धवट शिकवलेले राखीव सैनिक, आणि २७ फेब्रुवारीला त्यांतल्या व्होलिन्स्की रेजिमेंटनं बंदुका फिरवल्या. जनरल इव्हानोव्हला फौज देऊन आगगाडीनं धाडलं, पण रेल्वेमंत्रालय तोवर ड्यूमाच्या बुब्लिकोव्ह नावाच्या सभासदानं ताब्यात घेऊन क्रांतीची तार देशभरच्या स्थानकांवर पोहोचवली होती. इव्हानोव्ह काही न करता परतला. ऑक्टोब्रिस्ट गुचकोव्ह, ज्याच्या पक्षानं १९०५ मध्ये शांतता मागितली होती, तो या वेळी झारचा राजीनामा घ्यायला, झार होता त्या प्स्कोव्हला गेला. आघाड्यांवरच्या सेनापतींची मतं तारेनं मागवली गेली आणि एकानंही झारनं राहावं असं कळवलं नाही. ग्रँड ड्यूक निकोलाय निकोलायेविचची तारही त्यांत होती. २ मार्चला निकोलसनं गादी सोडली.